चित्रपट साहित्य म्हणून अभ्यासायचा, तर नेमके वाचायचे काय?

विद्यार्थिनी_मुलुंड

नमस्कार. मी मराठी विषयात एम. ए. करत असून शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी ‘सिंहासन’ हा चित्रपट निवडला आहे. जब्बार पटेल यांनी १९७९ साली दिग्दर्शित केलेला हा चित्रपट अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. दोन कादंबऱ्यांचा ऐवज एका चित्रपटात कसा सामावला, याचा शोध घेताना साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला पुष्कळ काही गवसेल, अशी माझी खात्री होती.

दोन्ही कादंबऱ्या पुन्हा वाचल्या, चित्रपट चार वेळा पाहिला आणि दोनशेपानी वहीत मधोमध रेघ मारून डावीकडे ‘कादंबरीत’ आणि उजवीकडे ‘चित्रपटात’ असे लिहीत गेले. कोणते पात्र गळले, कोणता प्रसंग पुढेमागे झाला, कोणता संवाद जवळजवळ जसाच्या तसा आला, अशी बावीस पाने भरली. मार्गदर्शक बाईंनी ती शांतपणे चाळली आणि म्हणाल्या, “हा जमाखर्च झाला. आता यात वाचन कुठे आहे ते मला दाखव.” त्याच आठवड्यात सादरीकरणाच्या वेळी दुसऱ्या एका प्राध्यापकांनी सांगितले की चित्रपट हे साहित्य नव्हे, तेव्हा मराठीच्या विद्यार्थ्याने फार तर पटकथेच्या संहितेचा अभ्यास करावा आणि पडद्याच्या वाटेला जाऊ नये.

बाईंचे म्हणणे मला पटले. दुसरे म्हणणे पटत नाही, पण ते का पटत नाही हे सांगायला माझ्याकडे शब्द अपुरे पडतात. निळू फुले यांनी उभा केलेला पत्रकार दिगू टिपणीस सत्तेच्या या खेळात सगळीकडे वावरतो, पाहतो, ऐकतो. तो निवेदकाच्या जागी आहे असे मला सारखे वाटते. परंतु तो निवेदन तर करत नाही, आणि कॅमेरा त्याच्याकडेही तितक्याच अलिप्तपणे पाहत राहतो. मग येथे निवेदक कोण? निवेदन, दृष्टिकोन, पात्रचित्रण, प्रतिमा ही आम्हाला शिकवलेली अवजारे मी लावून पाहते, तेव्हा हाती केवळ गोष्ट लागते. चित्रपटाचा कृष्णधवलपणा, माणसांचे चेहरे आणि दोन वाक्यांमधली शांतता हे सारे निसटून जाते. सुरुवात कोठून करावी, याचे मार्गदर्शन हवे आहे.

निवृत्त_प्राध्यापक_दादर

‘येथे निवेदक कोण’ हा प्रश्न ज्याला पडला, त्याचे वाचन सुरू झालेले आहे, त्यामुळे तुम्ही धीर सोडू नका. मी तेहतीस वर्षे मराठी शिकवले आणि त्यातली शेवटची पंधरा वर्षे वर्गात दरवर्षी निदान एक चित्रपट कवितेइतक्याच गांभीर्याने शिकवला. त्या अनुभवावरून लिहितो.

साहित्य म्हणजे छापील शब्द, एवढेच मानायचे ठरवले तर मराठीचा फार मोठा वारसा आपल्याला वर्गाबाहेर ठेवावा लागेल. जात्यावरची ओवी कागदासाठी रचलेली नव्हती. पोवाडा डफाच्या थापेवर आणि लावणी ढोलकीच्या बोलावर उभी राहिली. हे सारे आपण अभ्यासतो, कारण रचना, आशय आणि ऐकणाऱ्याच्या मनावर उमटणारा ठसा यांविषयीचे आपले प्रश्न तेथे लागू पडतात. नाटकाचे तर उदाहरणही द्यायला नको. चित्रपटाला हेच प्रश्न विचारून पाहावेत. त्याने उत्तरे दिली, तर विभागाच्या दारावरची पाटी आड येण्याचे कारण नाही. पटकथेपुरते थांबावे हा सल्ला मला मान्य नाही. पटकथा हा चित्रपटाचा आराखडा असतो, आणि घराचा नकाशा वाचून त्या घरातला उजेड कळत नाही.

आता एक साखळी सांगतो, कारण ती तुमच्या लेखकापर्यंत येऊन पोहोचते. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट आला, त्यात हंसा वाडकर होत्या आणि तो पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. पुढे हंसाबाईंनी आपले आत्मचरित्र सांगितले, ते अरुण साधू यांनी शब्दबद्ध केले आणि १९७० साली ते पुस्तकरूपाने आले, तेव्हा त्याला नावही त्याच चित्रपटाचे मिळाले. त्या आत्मचरित्राच्या आधारे श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ केला. चित्रपटाचे नाव पुस्तकाला आणि पुस्तकातले आयुष्य पुन्हा चित्रपटाला, असा हा प्रवास आहे. साहित्य आणि चित्रपट यांच्यामध्ये कुंपण घालू पाहणाऱ्याने ते या साखळीत नेमके कोठे घालावे, हे मला सांगावे.

या साखळीतच तुमच्या निवेदकाचेही उत्तर दडले आहे. आत्मचरित्रात ‘मी’ बोलते. ऐकणाऱ्याला थेट साद घालणारी ती बाई आपल्या चुकांसकट आपला कैवार घेते आणि शब्द कोणते वापरायचे, काय गाळायचे, हे तीच ठरवते. ‘भूमिका’मध्ये स्मिता पाटील यांची उषा आपल्यासमोर येते ती ‘ती’ म्हणून. कॅमेरा तिला आरशात पाहताना दाखवतो, सेटवर नाचताना दाखवतो, घरात भांडताना दाखवतो, आणि भूतकाळातले काही भाग कृष्णधवल होतात, तेव्हा आठवण नेमकी कोणाची, तिची की तिच्याविषयी सांगणाऱ्याची, असा संभ्रम पडतो. प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषाकडे झालेला हा बदल कथानकातल्या शंभर फरकांपेक्षा मोठा आहे, आणि तुमच्या दोन रकान्यांच्या वहीत तो बसणार नाही. दिगू टिपणीसकडेही असेच पाहा. तो सांगत नाही, पण कोणते दृश्य त्याच्या उपस्थितीत घडते आणि कोणते त्याच्यामागे घडते, याची नोंद केलीत तर चित्रपट त्याच्यावर किती विसंबतो आणि कोठे त्याला मागे टाकून पुढे जातो, हे दिसू लागेल. चित्रपटात सांगणारा एकटा नसतो. कॅमेरा, आवाज, संकलन आणि पात्र ही सर्व मिळून सांगतात आणि क्वचित एकमेकांचे म्हणणे खोडूनही काढतात.

आवाजावरून आठवले. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभातने १९३७ साली केलेल्या ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही. ज्या आवाजाला दृश्यात कारण आहे, तोच कानावर येतो. त्यामुळे वृद्ध काकासाहेबांच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकताना ते घड्याळ या विवाहाबद्दल काही बोलत आहे, असे वाटू लागते. कादंबरीकाराला यासाठी वाक्य लिहावे लागले असते.

तुमच्या वहीतला उजवा रकाना ठेवा आणि डावा काही दिवस झाकून टाका. कादंबरी जणू अस्तित्वातच नाही असे समजून एकच प्रसंग तीनदा पाहा: एकदा सलग, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून, नुसता ऐकत. मग लिहा.

ग्रंथपाल_गिरगाव

सरांविषयी पूर्ण आदर ठेवून माझे वेगळे मत मांडतो. गेली अठ्ठावीस वर्षे मी एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करतो आणि वाचणारा माणूस कसा घडतो व कसा तुटतो, हे रोज टेबलापलीकडून पाहतो.

शब्द वाचकाकडून काम करून घेतो. ‘आई दारात उभी होती’ एवढे लिहिले की प्रत्येक वाचकाच्या मनात त्याचे दार आणि त्याची आई उभी राहते. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रकाशित झाले आणि पुढची अठरा वर्षे त्या आईला जितके वाचक तितके चेहरे होते. १९५३ साली आचार्य अत्रे यांचा चित्रपट आला, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्याची थोरवी मला शतदा मान्य आहे. परंतु त्यानंतर एका पिढीसाठी श्यामची आई म्हणजे वनमालाबाई झाल्या. वाचकाने निर्माण करायची गोष्ट त्याला तयार मिळाली. आज महाविद्यालयीन मुले नेमलेली कादंबरी मागायला येतात आणि तिच्यावर चित्रपट आहे असे कळताच कार्ड परत खिशात घालतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. म्हणून मराठी विभागाने तरी शब्दाची बाजू सोडू नये, असे मला वाटते.

तरीही प्रामाणिकपणे एक गोष्ट माझ्या विरुद्ध बाजूची सांगतो. ‘आधी बीज एकले’ हा अभंग गाथेत कोणत्या पानावर आहे, असे विचारणारे वाचक मला आजवर अनेक भेटले. तो गाथेत नाही. तो शांताराम आठवले यांनी १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटासाठी लिहिला आणि तो इतका जमला की जाणकारांनाही तुकोबांचाच वाटला. चित्रपटाने मराठी कवितेला काही दिलेच नाही, असे म्हणण्याची माझी छाती होणार नाही.

संकलक_गोरेगाव

मी चित्रपटांचे संकलन करते. मराठी साहित्याची पदवी घेऊन या व्यवसायात आले, त्यामुळे या चर्चेत दोन्ही घरची माणसे बोलत आहेत असे वाटते.

ग्रंथपालकाकांचा चेहऱ्याचा मुद्दा मनाला लागला, पण चित्रपटातला चेहरा त्यांना वाटतो तेवढा तयार नसतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा एकदा सूपच्या वाडग्याला, एकदा शवपेटीला आणि एकदा खेळणाऱ्या मुलीला जोडला. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि वात्सल्य दिसले. चेहऱ्यात यातले काहीच नव्हते. दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत प्रेक्षकाने ते भरले. वाचक जे काम शब्दाच्या आत शिरून करतो, तेच प्रेक्षक दोन शॉटच्या सांध्यावर करतो. ते काम आमच्या लक्षात येत नाही, कारण ते फार भराभर होते.

हीच गोष्ट मला बा. सी. मर्ढेकर यांच्या एका ओळीने शिकवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ ही ओळ सरळ गद्यात लिहिली तर ‘ओल्या पिपात उंदीर मेले’ अशी होईल. माहिती तीच, शब्दही तेच. मर्ढेकरांनी मात्र आधी पिंप दाखवले, मग मरण दाखवले, मग ओल आणली आणि सर्वांत शेवटी उंदीर आणले. ‘मेले’ वाचताना कोण मेले हे आपल्याला ठाऊक नसते, आणि त्या अर्ध्या क्षणात वाचकाच्या मनात माणूस येऊन जातो. शिवाय ‘ओल्या’ हे विशेषण आपल्या पिपापासून तुटून उंदराला जाऊन चिकटते, त्यामुळे पिंपाची ओल उंदराच्या अंगावर दिसू लागते. हे संकलन आहे. तुकडे तेच ठेवून क्रम बदलणे आणि मधे कोणाला किती वेळ अडवून धरायचे ते ठरवणे, हे मी रोज टेबलावर बसून करते.

एका चित्रपटात लालबागच्या चाळीतली आजी मुलाला निरोप देऊन दार लावते, असा प्रसंग होता. दिग्दर्शकांना कडी पडल्याच्या आवाजावर कट हवा होता. मी तो तुकडा सुमारे दीड सेकंद, म्हणजे छत्तीस फ्रेम, पुढे नेला. कडी पडल्यावरही आजीची बोटे कडीवरच राहतात, मग करंगळी तेवढी सुटते. आधीच्या जोडणीत तिने दार लावले होते. नव्या जोडणीत ती पुन्हा दार उघडेल की काय, असे वाटू लागले. पटकथेत दोन्हींसाठी एकच वाक्य होते: ‘आजी दार लावते.’ म्हणूनच पटकथा वाचून चित्रपटाचा अभ्यास होतो असे कोणी म्हणाले की मला ती करंगळी आठवते.

शब्दाला न जमणारी एक गोष्टही आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये (२०१३) शेवटाकडे जब्या आणि त्याचे कुटुंब पकडलेले डुक्कर काठीला बांधून नेत असतात, आणि मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले यांची चित्रे रंगवलेली आहेत. त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. पात्रे वळून पाहत नाहीत, कॅमेराही थबकत नाही. कादंबरीकाराला ही भिंत आणायची तर तिचा उल्लेख करावा लागेल, आणि उल्लेख केला की बोट दाखवले असे होईल. न केला तर भिंत असणारच नाही. भाषेत एकामागून एक यावे लागते. चौकटीत सारे एकाच वेळी असते, आणि डोळा आधी कोठे जाईल हे पाहणाऱ्यावर सोडलेले असते. मी तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भिंत दिसलीच नव्हती, जब्याचा चेहरा दिसत होता. दुसऱ्यांदा भिंत दिसली, आणि पहिल्या वेळी ती मला दिसली नव्हती, याचा अर्थ काय, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही.

ताई, तुम्ही ‘सिंहासन’मधल्या एखाद्या बैठकीच्या प्रसंगाचे शॉट कागदावर मांडा. कोण बोलत असताना कॅमेरा कोणाकडे आहे, एवढेच लिहा. राजकारणावरच्या चित्रपटात बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा महत्त्वाचा ठरतो.

सभासद_परळ

थोडी व्यावहारिक माहिती देतो. मुंबईत १९६८ पासून काम करणारी ‘प्रभात चित्र मंडळ’ ही फिल्म सोसायटी आहे आणि तिचे ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक मराठीतून चित्रपटविषयक गंभीर लेखन छापत आले आहे. जुने अंक मिळाले तर सोडू नका. अरुण खोपकर यांची ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ आणि २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले ‘चलत्-चित्रव्यूह’ ही दोन पुस्तके आधी वाचा. चित्रपटावर मराठीत किती नेमके लिहिता येते, हे त्यांतून कळेल, आणि चित्रपटाविषयीच्या पुस्तकाला अकादमीने साहित्याचा पुरस्कार दिला, हेही तुमच्या त्या प्राध्यापकांना नम्रपणे सांगता येईल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालयाच्या चित्रपट रसास्वाद शिबिरात साहित्याचे विद्यार्थीही येतात. पेडर रोडवरच्या गुलशन महालातले चित्रपट संग्रहालय एकदा पाहून या. अभ्यासासाठी नाही, तर जुना कॅमेरा आणि फिल्मची पट्टी डोळ्यांखालून जावी म्हणून.

विद्यार्थिनी_मुलुंड

सर, काका, संकलकताई आणि दादा, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मधल्या तीन आठवड्यांत मी डावा रकाना खरोखरच कागद चिकटवून झाकला आणि ‘सिंहासन’च्या दोन प्रसंगांचे शॉट लिहून काढले. कोण ऐकतो आहे, या प्रश्नाने माझे काम पालटले. दिगूवरचे स्वतंत्र प्रकरण आता उभे राहते आहे.

या काळात सवय व्हावी म्हणून मी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा २०१४ सालचा चित्रपट पाहिला, आणि काकांच्या मुद्द्यावर विचार करताना त्यातली एक गोष्ट येथे सांगाविशी वाटते. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते. माणसे उठून जातात, दिवे एकेक करून बंद होतात, आणि कॅमेरा रिकाम्या दालनात तसाच थांबतो. पडदा काळोखा झाला तेव्हा मी चित्रपट संपला असे समजून उठले, चहाचा कप उचलला आणि दारापर्यंत गेले. मागून आवाज आला म्हणून वळले, तर न्यायाधीश सुट्टीवर गेलेले होते आणि चित्रपट चालूच होता.

कादंबरी वाचताना शेवट किती दूर आहे, हे उजव्या हाताच्या अंगठ्याला कळत असते. पाने संपत आली की वाचकाचे मन आपोआप आवरते घेऊ लागते. चित्रपटाने तो काळोख दाखवून मला फसवून उठवले आणि मग त्या माणसाची सुट्टी दाखवली, तेव्हा मी दारात, हातात कप घेऊन उभी राहून ती पाहिली. दालनातल्या खटल्याशी माझा संबंध संपला असे मी दोन मिनिटांपूर्वीच ठरवून टाकले होते, आणि पडद्यावरच्या न्यायाधीशांनीही नेमके तेच ठरवलेले होते.

हे मी बाईंना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ‘कोर्ट’वर स्वतंत्र टिपण लिहायला सांगितले असून ते प्रकल्पाला परिशिष्ट म्हणून जोडायचे आहे. काका, तुमच्या ग्रंथालयात ‘मुंबई दिनांक’ची जुनी आवृत्ती असेल तर शनिवारी येऊन पाहू का? डावा रकाना आता पुन्हा उघडायचा आहे.

ग्रंथपाल_गिरगाव

अवश्य या. दुपारी तीननंतर मी टेबलावरच असतो. पुस्तक काढून ठेवतो.